दोघींत एक लुगडं

बाईला नेसण्यातलं काही कळतं की नाही हे तिच्या नव्या लुगड्यावरून समजत नाही, जुन्यावरून समजतं. नवं कुणालाही शोभतं. हे माझं मत आहे आणि आमच्या काष्टी गावातल्या बऱ्याच जणींना मी ते न विचारता ऐकवलेलं आहे. ऐन उन्हाळ्यात गडद रंग नेसून घामाघूम होणाऱ्या बायका मला बघवत नाहीत. पावसाळ्यात पांढरट लुगडं नेसून शेतातला चिखल गावभर दाखवणाऱ्याही बघवत नाहीत. काळी चंद्रकळा संक्रांतीला छान, थंडीत बरीही वाटते, पण तीच चैत्रात बाहेर काढली की बाई तव्यावर बसल्यासारखी दिसते. माझा नवरा गहिनीनाथ म्हणायचा, तुझं माहेर नगरच्या कापडबाजाराच्या मागं आहे हे मला आधी सांगितलं असतं तर मी विचार केला असता.

ज्या साली ही गोष्ट घडली त्या साली मात्र मतांचा काही उपयोग नव्हता. लढाई संपली होती, पण कापड अजून कंट्रोलमध्येच होतं. रेशनच्या कार्डावर मिळेल ते घ्यायचं, आणि कंट्रोलच्या कापडाला ऋतू नसतो. आमच्या घराला मिळालं ते एकच लुगडं, गडद निळं, हळदी काठाचं, आणि तेही उन्हाळ्याच्या तोंडावर. नेसणाऱ्या आम्ही दोघी, मी आणि माझी थोरली जाऊ रंगुबाई. रोजची आमची लुगडी दंडाची होती, म्हणजे दोन फाटक्या लुगड्यांतले धड राहिलेले भाग जोडून एक केलेली. लग्नातलं माझं केव्हाच विरून गेलं होतं. शेजारणीकडे मागावं तर त्यांचीही तीच गत. शिवाय कुणाचं लुगडं कोणतं हे आमच्या गावात काठावरून ओळखू यायचं.

म्हणून निळ्या लुगड्याची पाळी लावली. एका बाजाराला आक्का नेसायची, पुढच्या बाजाराला मी. रंगुबाईला मी आक्का म्हणायची. माझ्या तोंडून कुणाची स्तुती सहजी निघत नाही, पण नऊवारी नेसावी तर आक्कानं. तिचा कासोटा आखून घातल्यासारखा सरळ असायचा, निऱ्या एकसारख्या, आणि दिवसभर ओझी उचलूनही घोळ जागचा हलायचा नाही. तेच लुगडं मी नेसले की दुपारपर्यंत एका बाजूनं लोंबायला लागायचं. मी नगरात मिशनच्या शाळेतल्या मास्तरणी बघितल्या होत्या, पाचवारी गोल नेसणाऱ्या. पाय मोकळे, वारा लागतो, उन्हाळ्याला त्यासारखं नेसणं नाही. मला तसं नेसायची फार हौस होती. आक्काला त्याची किळस होती. बिनकासोट्याची बाई म्हणजे तोंड न बांधलेलं पोतं, असं ती म्हणायची. बाजाराला जाताना आणि येताना आमचा हाच वाद चालायचा, आणि खरं सांगायचं तर दोघींनाही त्यात मजा यायची.

वैशाखात माझा भाऊ नगरहून आला. धाकट्या बहिणीचं, छबूचं, लग्न ठरलं होतं. आमची आई आदल्या वर्षीच गेलेली, त्यामुळे छबूच्या मागं आईच्या जागी मला उभं राहायचं होतं. मी मनातल्या मनात पाळी मोजली. माझीच येत होती. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी कुणालाही नावं ठेवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी पारनेरहून निरोप आला. आक्काची लेक बायडा तिकडे दिलेली. तिला सातवा महिना लागला होता. ओटी भरायला आईनं यावं आणि येताना तिला पहिल्या बाळंतपणाला घेऊन जावं, असं व्याह्यांनी कळवलं होतं. दिवस तोच, छबूच्या लग्नाचा. बायडाचं सासर खाऊनपिऊन सुखी होतं आणि तिची सासू तोंडाची तिखट. आई दंडाचं लुगडं नेसून आली तर पोरीला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

थोरले दीर रंगनाथ यांनी निकाल दिला. थोरलीचा मान, शिवाय लेकीची पहिली ओटी, तेव्हा लुगडं पारनेरला जाईल. गहिनीनाथ भाकरी मोडत खाली बघत राहिला. मी त्याच्याशी रात्रभर बोलले नाही. सकाळी मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. पाळी माझी आहे, आणि दंडाचं नेसून मी आईच्या जागी उभी राहणार नाही. लुगडं नसेल तर मी लग्नालाच जात नाही. नगरच्या लोकांनी काष्टीबद्दल काय समजायचं ते समजावं. मी हे रागानं म्हणाले, पण पोकळ धमकी नव्हती ती. मला जमलंच नसतं. ज्या गल्लीत मी कापडाची पारख शिकले त्या गल्लीत जोडाचं लुगडं नेसून मिरवायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

दोन-तीन दिवस आक्कात आणि माझ्यात कामापुरतंच बोलणं झालं. बादली दे, मीठ कुठंय, एवढंच. नव्याला जुनं जोडून दोन करावीत असं माझ्या एकदा मनात आलं होतं, पण निळ्याला आमची विटकी हिरवी जोडली असती तर जोड लांबूनसुद्धा दिसला असता. आणि नव्या लुगड्याला कात्री लावायची नसते, हे काय कुणी सांगायला हवं.

निघायच्या आदल्या दुपारी पुरुष मळ्यात गेलेले असताना आक्कानं मला माजघरात बोलावलं. तिच्या हातात एक जुना फाटका तुकडा होता.

"ते तुजं नगरचं गोल नेसून दाव," ती म्हणाली.

मला वाटलं चेष्टा करतेय. पण तिचा चेहरा तसा नव्हता. मी तो तुकडा नेसून दाखवला. तिनं मला चालायला लावलं, बसायला लावलं, वाकायला लावलं. मागं जाऊन बघितलं, पुढं येऊन बघितलं. कुठं खोचायचं, किती निऱ्या घ्यायच्या, सगळं विचारून घेतलं. मग पेटी उघडून निळं लुगडं काढलं, ते मधोमध दुमडलं, आणि दुमड विळीच्या पात्यावर धरून काठाला जरासा छेद दिला. मी तिचा हात धरायच्या आत तिनं लुगडं त्या छेदापासून आडवं टरकावलं. नऊ वारांचे साडेचार-साडेचार वार झाले, गोल नेसण्यापुरते; कासोटा त्यात बसणार नव्हता.

पदराचा तुकडा तिनं माझ्याकडे टाकला. लग्नात पदर दिसतो, ओटी भरणाऱ्या बाईचा कोण बघतो, एवढंच म्हणाली. तिच्या तुकड्याला पदरच नव्हता, नुसता निळ्या कापडाचा शेवट. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी फाटल्या कडा दुमडून शिवत बसलो. तिनं गोल नेसून बघितलं तेव्हा मी हसू दाबलं. तिला ते मुळीच शोभत नव्हतं. जन्मभर मागं कासोटा असलेली बाई सारखी हात मागं नेऊन काहीतरी चाचपत होती.

मी रेल्वेनं नगरला गेले. लग्न चांगलं झालं. साडेचार वारांत जेमतेम बसत होतं, पण बसलं. कापडबाजारातल्या बायका म्हणाल्या, रतन खेड्यात राहून नव्या चालीची झाली. मी आईच्या जागी उभी राहिले, छबूनं वाकून नमस्कार केला, आणि आम्ही दोघी पोटभर रडलो. भावानं मला आहेरात खण दिला, हिरवा, जरीच्या काठाचा. कुठून मिळवला कोण जाणे. इतक्या वर्षांत इतकं देखणं काही माझ्या हाती आलं नव्हतं. परतीच्या गाडीत मी तो चोळीसाठी मनातल्या मनात तीनदा बेतला.

घरी आले तर आक्का बायडाला घेऊन माझ्या आधीच पोचली होती. ती पाण्याला गेलेली, बायडा चुलीपाशी बसलेली. ओटी कशी झाली म्हणून मी विचारलं. बायडानं आधी दाराकडे बघितलं. मग सांगितलं. सासूची बहीण सगळ्यांच्या देखत म्हणाली की बिनकासोट्याच्या बाईनं ओटी भरायची नसते. आक्कानं वाद घातला नाही, हातातलं ताट खाली ठेवलं आणि भिंतीला जाऊन बसली. ओटी त्या बहिणीनंच भरली.

"आय मला लांबनं बघत हुती, काकी," बायडा म्हणाली, आणि चुलीत लाकूड सारायला लागली.

माझा संताप संताप झाला. आक्का पाण्याच्या घागरी घेऊन आत आली. तिनं आपलं दंडाचं लुगडं परत नेसलं होतं, कासोटा नेहमीसारखा सरळ. मी तिच्या हातातली घागर घेतली नाही, आधी विचारलं.

"असं होणार हे तुला माहीत होतं?"

"व्हय," ती म्हणाली. "तिकडली रीत मला म्हाईत हाय."

"मग फाडलंस कशाला?"

तिनं घागरी उतरवल्या, चुंबळ खुंटीला अडकवली.

"दंडाचं नेसून गेले असते तर पोरीला जलमभर बोल, ह्यो बोल मला एकलीला. माज्या लेकीला आय हाय, रतन. भिंतीला बसलेली का व्हईना, हाय. छबूला कोन हुतं?"

मी तिच्यावर रागावले होते, पारनेरवर रागावले होते, आणि तिच्यावर माझी इतकी माया आहे हे मला त्याच क्षणी कळलं. मी आत गेले, पाट आणून मधोमध मांडला आणि बायडाला त्यावर बसवलं. सुपात गहू घेतले, घरात खोबऱ्याची एकच वाटी होती ती ठेवली, गाठोड्यातून हिरवा खण काढून वर ठेवला आणि सूप आक्काच्या हातात दिलं. खण बघून ती नको नको म्हणायला लागली. मी तिला गप्प राहायला सांगितलं.

बायडानं पदर पसरला. आक्का ओंजळ भरून पुढं वाकली, पण तिचे डोळे बायडाच्या तोंडावर होते आणि पहिली ओंजळ सगळी जमिनीवर सांडली. मी खाली बसले, एकेक दाणा वेचला, आणि तिच्या ओंजळीत परत घातला.