बारीक आरी

"रडतेय," मोजणीदार म्हणाला आणि त्याने चामड्याची बुधली बाकावर ठेवली. तळाची शिवण ओली होती.

म्हाताऱ्या कारागिरांनी ती उचलली, हलवली, कानाशी नेली. बेचाळीस वर्षं ते पाण्याच्या बुधल्या करत होते. गळते म्हणून एकही परत आली नव्हती.

"उन्हात ठेवलीत?"

"डोंगरात मोजणी करतो मी. सावली कुठून आणू?"

"मग आतलं मेण वितळलं असेल."

"आधीची नऊ वर्षं वापरली, त्याच उन्हात. दुसरी करून द्या. पुढच्या शुक्रवारी वर जायचंय, तिथे दोन दिवस पाणी मिळत नाही. तुमच्या हातची म्हणून आलो."

तो गेल्यावर कारागिरांनी आधी मेणवाल्याला नावं ठेवली, मग कातडं कमावणाऱ्याला. सून ऐकत होती. दुकानात पंधरा वर्षं ती कातडं कापत होती, वाळू ठासत होती, मेण ओतत होती. शिवण मात्र मामंजींची.

दुपारी ते आडवे झाल्यावर तिने बुधली उसवली. मेण जागच्या जागी होतं. भोकं मोठी होती.

बुधली टिकते ती भोकामुळे. भोक दोऱ्याहून बारीक हवं, दोरा ओढूनच काढावा लागला पाहिजे. मग ओलं कातडं त्याला आवळून धरतं. इथे दोरा सैल खेळत होता. तिने अवजारांचा डबा उघडला. कातड्याला भोक पाडायच्या बारीक आरीच्या टोकावर गंज चढला होता. मामंजी जाड आरी वापरत होते, कारण जाड आरीचं भोक दिसतं.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मामंजी, मला शिवण शिकवा."

"पंधरा वर्षं बघतेयस की."

"बघणं वेगळं."

"बरं. आरी कुठली घेऊ?"

तिने अवजारांचा डबा पुढे सरकवला. "बारीक."

"म्हणजे उसवून बघितलीस. विचारायचं तरी!"

"तुम्ही मेणवाल्याचा उद्धार करत होतात. मध्ये कशी तोंड घालू?"

"तो त्याच लायकीचा आहे," ते म्हणाले आणि बारीक आरी दगडावर घासायला बसले.

टोक पलीकडे निघालं की ते डाव्या हाताच्या बोटाला कळलं पाहिजे, त्यांनी सांगितलं. डोळे मिटून कर. तिने केलं. बोटाला मुंगी चावल्यासारखं झालं.

"कळलं! मग तुम्हीही असंच करा की. डोळ्यांचं काय अडलंय?"

त्यांनी बोट पुढे केलं. तिने आरीचं टोक त्यावर टेकवलं, मग थोडं दाबलं.

"लाव ना," ते म्हणाले.

कढत मेण पुरेसं निवलं का, हे ते इतकी वर्षं त्याच बोटाने बघत आले होते. तिने आरी बाजूला ठेवली आणि दोरा ओवायला घेतला.

शिवताना ते शेजारी बसून कान देत होते. "दोरा कुरकुरला पाहिजे. गप्प गेला की उसव." तिने चारदा उसवलं. पाचव्यांदा शिवण शेवटपर्यंत कुरकुरत गेली. मग वाळू भरून बुधली फुगवली, वाळवली, आतून मेण दिलं.

गुरुवारी ती म्हणाली, "तो विचारेल. तुमच्याच हातची म्हणा. लोक तुमच्या नावावर येतात."

ते हातातलं बूच तासत राहिले.

शुक्रवारी मोजणीदाराने बुधली हातात घेतली, शिवणीवरून अंगठा फिरवला.

"तुमच्याच हातची ना?"

सून फडक्याची घडी घालत होती. घातलेली घडी तिने मोडून पुन्हा घातली.

"नाही," कारागीर म्हणाले. "माझ्या हातची तुम्ही परत आणलीत. ही हिने शिवलीय."

मोजणीदाराने एकदा तिच्याकडे पाहिलं. "वर रडली तर माझी पंचाईत होईल, बाई."

"भरून बघा," ती म्हणाली.

त्याने कोपऱ्यातल्या माठातलं पाणी काठोकाठ भरलं, बूच बसवलं आणि बुधली उलटी धरून दोन्ही हातांनी दाबली. तो आणि सून खाली बघत राहिले. फरशी कोरडी होती.

कारागीरही वाकून तिकडेच बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पडलं का गं?"