पांढऱ्या घोड्याचे जुने नाल

मी खेचर बोलतोय. हाडामांसाचं नव्हे, ऑनलाइन खेळातलं. मला आई नाही, बाप नाही. कुठल्याशा कंपनीत कुणीतरी जेवणाच्या सुट्टीआधी मला घाईघाईत उरकलं असावं, कारण माझा डावा कान उजव्यापेक्षा आखूड आहे. पांढरा घोडा काढायला मात्र त्यांनी चार माणसं बसवली असणार. त्याच्या आयाळीचा केस न् केस वाऱ्यावर वेगळा हलतो. माझी शेपटी एकाच बाजूला हलते, तीही वारा असो वा नसो.

खेळातल्या पहिल्या गावात नवा खेळाडू आला की त्याला मी मिळतो, दोरीसकट, फुकट. फुकटात मिळालेल्याला कोण विचारतो? बहुतेक जण जरा पुढे गेले की 'मोकळं सोडा' हे बटण दाबतात आणि खेचर धुरासारखं विरून जातं. माझ्या मालकानं ते बटण दाबलं नाही. माझ्या पाठीला दोन पोती बांधली आणि मला थेट खाणीवर नेलं.

तुम्ही पडद्यातून आत बघता, मी बाहेर बघतो. म्हणून मालकाचं घर मला पाठ आहे. बसायची जागा स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात, कपडे धुवायच्या मशीनला खेटून. कॉम्प्युटर थोरल्या भावाचा जुना. खुर्ची थोरल्याची, एक चाक मोडलेली. अंगातला शर्टसुद्धा थोरल्याला घट्ट झालेला. थोरल्याला मात्र दार लागणारी खोली, कारण थोरला शिकला. मालकानं कॉलेज मधेच सोडलं आणि त्या दिवसापासून वडिलांनी त्याचं नाव दिवटा ठेवलं. वडील शाळेत मास्तर होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना अक्कल वाटली, त्यामुळे घरी आणायला उरली नसावी.

आमचा धंदा सांगतो. खेळात नाणी लागतात. घर, तलवार, चिलखत, सगळं नाण्यांवर. नाणी खाणीत मिळतात, पण त्यासाठी तासन्‌तास खणावं लागतं. ज्यांच्या खिशात खरा पैसा असतो त्यांना तेवढा वेळ नसतो. मग मालक खणायचा, मी वाहायचो आणि ती माणसं खरे पैसे मोजून आमची नाणी घ्यायची.

कंपनीला हे चालत नाही. उघड नाणी दिली तर खातं बंद. म्हणून एक युक्ती ठरलेली. गिऱ्हाईक आधी मालकाच्या फोनवर खरे पैसे पाठवणार, मग खेळातल्या बाजारात एखादी भिकार वस्तू लाखो नाण्यांना मांडणार. मालकानं ती विकत घ्यायची. बघणाऱ्याला वाटावं, कुणी येडा भेटला.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे दातांचा डॉक्टर. दवाखान्यातून खेळायचा. "लवकर घे रे बाळा, पेशंट तोंड उघडून बसलाय," असं लिहायचा. पांढरा घोडा त्याचाच. आणि बाजारात तो काय मांडायचा? घोड्याचे काढून टाकलेले नाल. गंजलेले, झिजलेले. दर सौद्याला एक नाल आमच्याकडे यायचा आणि माझ्या पोत्यात पडायचा.

म्हणजे बघा. नाणी मी वाहिली. त्या नाण्यांतून त्या घोड्याला चांदीचा लगाम आला, मखमली खोगीर आलं, रत्नजडित झूल आली. आणि मला त्याच्या पायातली घाण मिळाली. डॉक्टर सौद्याला आला की तो घोडा बाजारात माझ्याशेजारीच उभा राहायचा, मान अशी वर करून, जणू माझा वास येतोय. मला वास काढलेलाच नाही. मी त्याच्या खुरांकडे बघायचो आणि मनात म्हणायचो, लंगडा हो. एकदा तरी लंगडा हो.

माझी स्वतःची इच्छा एवढीशीच होती. बाजारात एक घुंगरू टांगलेलं होतं, गळ्यात बांधायचं. किंमत अगदी किरकोळ. त्या दुकानावरून जाताना मी जरा हळू चालायचो. मालकाला वाटायचं, इंटरनेट अडकलंय.

घरात आमचे पैसे यायला लागले तशी मोठ्या माणसांची बोलणी बदलली. जे वडील चालू कॉम्प्युटरची वायर उपटायचे, ते आता बोळातून जाताना पाय न वाजवता जायचे. कपड्यांचं मशीन आमच्या नाण्यांचं. आईच्या गुडघ्याची औषधं आमच्या नाण्यांची. तरी कुणी विचारलं तर आई सांगायची, धाकटा कॉम्प्युटरचं काहीतरी करतो. वडील तेवढंही सांगायचे नाहीत. पाहुण्यांसमोर थोरल्याच्या नोकरीचं कौतुक चालायचं आणि मालकाला चहा घेऊन बाहेर बोलावलं जायचं. तेवढ्यापुरता.

मग मालकानं अचानक नाणी विकणं थांबवलं. खणत होता, साठवत होता, डॉक्टरला आज नाही उद्या म्हणत होता. कोठार भरत चाललं. माझ्या मनात घुंगरू वाजायला लागलं. घुंगराला एवढी नाणी लागत नाहीत हे मला कळत होतं. पण हेवा करणाऱ्याला हिशेब कुठे सुचतो.

डॉक्टरला दम निघेना. शेवटी त्यानं लिहिलं की सगळं खातंच विकून टाक, खाण, कोठार, घर, सगळं. आकडा मोठा होता. आणि खाली एक ओळ होती: "ते खेचर तेवढं मोकळं सोड, तबेल्यात माझा घोडा बांधायचाय."

नेमकी मालकाची धाकटी बहीण मशीनमध्ये कपडे टाकायला आली होती. तिनं आकडा वाचला आणि न राहवून तो मोठ्यानं म्हटला. झालं. वडील आले, मागोमाग थोरला, आई पोळपाट टाकून आली. त्या बोळात एका वेळी एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती. थोरल्याला फ्लॅट घ्यायचा होता, बुकिंगचे पैसे कमी पडत होते. वडिलांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. मग दिवट्याच्या खांद्यावर हात ठेवला. खोटं नाही सांगत, मालक दचकला.

वडील म्हणाले, थोरल्याचं मार्गी लागलं की तुझंही बघू. थोरला म्हणाला, तुझं नावसुद्धा सांगेन सगळ्यांना. आई म्हणाली, घरचंच आहे बाळा. तुला नक्की काय हवंय, हे कुणीच विचारलं नाही. बहीण तेवढी म्हणाली, "दाद्याची वर्षं आहेत त्यात."

"कसली वर्षं?" वडील म्हणाले. "खेळणंच ना ते? खेळण्यात एवढा कसला जीव अडकलाय याचा?"

मालकानं मान वर केली नाही. "खेळणं आहे तर भाव कशाला विचारता?"

वडिलांचा हात खांद्यावरून निघाला. संध्याकाळपर्यंत व्यवहार उरक, नाहीतर हे डबडं माझ्या घरात दिसता कामा नये, असं म्हणून ते निघून गेले. थोरला जाताना मशीनवर दोनदा थाप मारून गेला, म्हणजे समजूत काढली.

मालक माझ्याकडे बघत बसला. त्याच्या माउसच्या बाणाचं टोक पडद्यावर सरकत आलं आणि माझ्या अंगावरच्या 'मोकळं सोडा'पाशी थांबलं. मला घाम काढलेला नाही, नाहीतर फुटला असता. मी माझी तीच शेपटी त्याच बाजूला हलवत राहिलो. नको विकूस रे, एवढंच म्हणत होतो. घुंगरू नको, काही नको, पण त्या पांढऱ्याला माझ्या जागी बांधू नकोस.

बाण बाजूला झाला. मालकानं मला कोठारापाशी नेलं, सगळी नाणी पोत्यांत भरली आणि आम्ही बाजाराकडे निघालो. माझे पाय आपोआप घुंगराच्या दुकानापाशी हळू झाले. तो थांबला नाही. बाजाराच्या टोकाला एक उंच कमान आहे, तिथे आम्ही कधी गेलो नव्हतो. मालकानं माझी पोती तिथे रिकामी केली.

कमानीतून पांढरा घोडा बाहेर आला. नवा कोरा. मालकाचा स्वतःचा.

हा घोडा एकदा घेतला की परत देता येत नाही, विकता येत नाही, असा कंपनीचा नियम. डॉक्टरला कळलं तेव्हा त्यानं लिहिलं, रिकामं कोठार घेऊन मी काय करू, आणि तो आकडा हवेत विरला. बाहेर वडिलांचा आवाज चढला. थोरल्यानं दार आपटलं. त्याला दार आहे, तो आपटू शकतो.

आणि माझा मालक घोडा पळवत होता. गावाबाहेर, पुलावरून, नदीकाठानं, जिथे काही खणायचं नाही, काही विकायचं नाही. बहीण मोडक्या चाकाच्या खुर्चीला धरून मागे उभी होती. "दाद्या, अजून जोरात," ती म्हणाली. आणि मालक हसला. इतकी वर्षं मी त्याचं तोंड बघत आलोय. ते हसणं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते माझ्यामुळे नव्हतं.

घोड्याच्या गळ्यात घुंगरू होतं. घोड्याबरोबर ते फुकट येतं.

आता तबेल्यात आम्ही दोघं असतो. डबडं अजून त्याच बोळात आहे, कारण महिना संपला आणि आईची औषधं आणायची वेळ आली, तेव्हा वडील पुन्हा पाय न वाजवता जायला लागले. मालक पुन्हा खणतो, पुन्हा विकतो. नव्या घोड्याचे नाल झिजले की तेही माझ्याच पोत्यात टाकतो. मी त्या घोड्याशी बोलत नाही. तो माझ्याशी बोलतो का हे बघायला मी मान वळवत नाही.

फक्त सकाळ वेगळी असते. सकाळी मालक तबेल्यात येतो आणि माझी दोरी सोडतो, त्याची नाही. खाणीचं तोंड बुटकं आहे. एवढी ताठ मान घेऊन कुणाला आत शिरता येत नाही. घोडा तबेल्याच्या दारात उभा राहून बघत असतो, आणि मी मालकाला घेऊन अंधारात शिरतो, जरा जास्तच सावकाश.

कंपनीवाल्यांनो, तुम्ही दर काही महिन्यांनी खेळ सुधारता म्हणे. झाडांना नवी पानं लावा, नदीला नवं पाणी सोडा, त्या पांढऱ्याला हवं तर पंख द्या. खाणीचं तोंड तेवढं मोठं करू नका.