फेस वेगळा, वाटीत

मी एक जुना काचेचा ग्लास आहे. धाडच्या आठवडी बाजारातल्या रसवंतीवरचा. अंगावर उभ्या रेघा, काठाला एक टवका आणि बूड इतकं जाड की अर्धी उंची त्यातच जाते. मित्रांनो, याला काही लोक फसवणूक म्हणतात. आमच्या धंद्यात याला मजबुती म्हणतात.

माझा जन्म भट्टीत झाला. मला तो आठवत नाही. तुम्हालाही तुमचा आठवत नसेल, तेव्हा तो भाग सोडू. जाण आली तेव्हा मी रसवंतीवाल्या निवृत्तीकाकांच्या हातात होतो. काकांचा नियम एकच : गिऱ्हाइकाला फेस पाजायचा नाही. रस भरला की वरचा फेस चमच्यानं काढून फेकायचा, पुन्हा काठोकाठ भरायचं, मग चिमूटभर काळं मीठ. बाजारात काकांचं नाव रसामुळे नव्हतंच, या फेकलेल्या फेसामुळे होतं. लोक मला उचलून म्हणत, "याले म्हणते गिलास!"

पुढे काकांचे गुडघे गेले आणि रसवंती बंद झाली. माझे सोबती फुटून मोकळे झाले. मी फुटलो नाही, बूड जाड. मला मोरीत ठेवलं आणि माझ्यात टूथब्रश उभे केले. मित्रांनो, टूथब्रश फार अहंकारी असतात. त्यांच्याबद्दल मी एवढंच बोलेन.

मग काकांचा पुतण्या हर्षल पुण्याहून परतला. त्यानं रीतसर परवाना काढून काकांच्या शेतातल्या शेडमध्ये बिअर बनवायला घेतली. म्हणे चेक पद्धतीची पिल्सनर. चेक हा एक देश आहे. तिथं ऊस होत नसावा; नाहीतर कडू पाण्याचे इतके लाड कोण करतं? (तुम्ही लहान असाल तर पुढचं मोठं झाल्यावर वाचा. घाई नाही. मी फुटत नाही.)

काकांना ती शेड सोयाबीन ठेवायला हवी होती. शेवटी ठरलं, काकांनी एक ग्लास पिऊन पाहायचा. संपवला तर शेड हर्षलची, उरवला तर सोयाबीनची.

"पेईन त माह्याच गिलासात," काकांनी अट घातली.

टूथब्रश बाहेर, मी शेडमध्ये. सोयाबीन जिंकलं तर मी परत मोरीत, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

चव बघायला हर्षलची मैत्रीण श्रद्धा पुण्याहून आली होती. तिनं आपला उंच ग्लास उजेडात धरला, त्यात नाक घातलं, डोळे मिटले. "कापलेलं गवत... आणि मागून भाजलेल्या पावाचा वास." रसवंतीवर कुणाला रसात गवताचा वास आला असता तर आम्ही माफी मागून ग्लास बदलला असता. इथं हर्षल खूश झाला.

मग त्यानं माझ्यात नळ सोडला. गार, सोनेरी, दिसायला बरी, हे मी मान्य करतो. पण वर तीन बोटं फेस.

"काऊन बे हर्षल, घरच्या माणसालेच फेस पाजून राह्यला?"

"काका, पिल्सनरमध्ये फेसच महत्त्वाचा असते. त्याच्यानं चव टिकते."

"तो पलीकडचा रसवाला बी असंच सांगे."

"आन तुमच्या गिलासाचं बूड? अर्धा गिलास त काचाचाच हाय!"

"बूड मी लपवतो का? समोर दिसते."

काकांनी चमच्यानं सगळा फेस काढला आणि फेकायला जागा दिसेना म्हणून शेंगदाण्यांच्या रिकाम्या वाटीत ठेवला. "आता भर." हर्षलनं दात खात काठोकाठ भरलं. काकांनी खिशातून पुडी काढली आणि सवयीनं काळं मीठ सोडलं.

मित्रांनो, उसाचा रस सभ्य असतो. मीठ टाकलं तरी गप्प बसतो. ही बया उसळली ती माझ्या काठावरून टेबलावर आणि टेबलावरून काकांच्या धोतरावर.

"गेली शेड," हर्षल पुटपुटला आणि फडकं आणायला पळाला. श्रद्धाही त्याच्या मागं गेली.

काका एकटे उरले. मी होतो, पण मला कोण मोजतं? त्यांनी धोतर झटकलं. बोटाला फेस लागला. ते बोट त्यांनी तोंडात घातलं. थांबले. दाराकडे पाहिलं. मग वाटी जवळ ओढली.

फडकं आलं तेव्हा वाटी चकचकीत होती आणि काका मला तोंडाला लावून बसले होते. त्यांनी थेंबही उरवला नाही.

"कारल्यासारखी हाय," ते म्हणाले. "शेड ठेव. पण गिलासात फेस नोको."

"मंग फेसाचं काय करू, काका?"

काका पत्र्याकडे पाहत म्हणाले, "वाटीत देत जाय. वेगळा."

"आन तुमच्या मिशीले काय लागलं?"

"मीठ."

आता शेतावर पिल्सनर तशीच मिळते. माझ्यात काठोकाठ, आणि शेजारी वाटीत फेस, चमच्यासकट. श्रद्धा म्हणते, चेक लोक नुसता फेसही पितात. पीत असतील. माझ्या मते पेय भिकार आहे आणि त्याचं कौतुक करणारे त्याहून. पण मी मोरीत नाही.

तेव्हा मित्रांनो, मागणं थोडंच आहे. मला राखेनं घासा, उन्हात पालथा घाला आणि माझ्यात अर्धं टाकून उठू नका. आणि निवृत्तीकाका शेडमध्ये एकटे असतील तर आत शिरण्याआधी जरा खोका. वाटी खाली ठेवायला त्यांना वेळ लागतो.