दोन तळ्यांतलं एकवीस

शेवटचा साधा दिवस बाबांनी आणि मी तळ्याच्या बांधावर पालथं पडून घालवला. उभं राहिलं की सावली पाण्यावर जाते, आणि सावली दिसली की ओंडक्यावर ऊन खाणारी कासवं डुबुक डुबुक आत. एकानं उडी मारली की बाकीची कारण विचारत नाहीत.

“पळणं पहिलं,” बाबा कुजबुजले. “कवच नंतर. लोकांना उलटंच वाटतं.”

“आणि पळताही नाही आलं, कवचही पुरलं नाही तर?”

“मुतायचं. आईच्या नव्या पडद्यात कासव गुंडाळून आणलं होतं ना, त्या पडद्याला विचार.”

बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे; उरलेला सगळा वेळ कासवांचा. प्रत्येकाच्या कवचाच्या कडेला कानसीनं बारीक खाचा घालून ते नंबर देत. डावीकडचं पहिलं खवलं म्हणजे दहा, दुसरं वीस; उजवीकडचं पहिलं एक, दुसरं दोन. दुर्बिणीतून खाचा दिसल्या की नंबर कळायचा.

मी तेरा वर्षांची असताना रस्त्यापलीकडच्या जुन्या खाणीतल्या पाण्यात एक मादी सापडली. “बारा रिकामा आहे, तोच घाल,” म्हणून बाबा वही घेऊन बसले. ते कासवाची शेपटी नेहमी आपल्याकडे करून धरत. मला तिचं तोंड बघायचं होतं. तिनं मान आत घेतली होती, पुढच्या दोन पायांचं दार लावून घेतलं होतं, आणि फटीतून एक डोळा माझ्यावर ठेवला होता. मी तिला तशीच समोर धरून खाचा घातल्या. माझी डावी ती तिची उजवी. बाराचे एकवीस झाले. ती पाण्यात गेल्यावर माझ्या लक्षात आलं, आणि एकवीस तर तळ्यात आधीच होतं.

मी बाबांना सांगणारच होते. पण महिन्याभरात बाबा धापा टाकत घरी आले. एकवीस खाणीत दिसलं म्हणे. एवढा रस्ता ओलांडून गेलं.

“तुम्हाला ओलांडायला अर्धा तास लागतो,” आई म्हणाली. “त्याच्याकडून शिका.”

बाबांना इतकं खूश मी क्वचित पाहिलं होतं. मी गप्प राहिले. पुढे गप्प राहण्याचीच सवय झाली.

बारा अर्थातच पुन्हा कुणाला दिसलं नाही. बाबांच्या लेखी दडण्यात त्याच्या तोडीचं कासव नव्हतं. “गाळात असणार. नाकाचं टोक तेवढं वर.” सव्वीस वर्षं ते त्या नाकाच्या टोकाच्या शोधात होते.

“उद्या तू खाणीवर बस, मी इथे बसतो,” त्या शेवटच्या दिवशी बांधावरून उठताना गुडघे झटकत ते म्हणाले. “एकवीस जातं कसं ते एकदा कळू दे.”

मी “बरं” म्हटलं.

पहाटे त्यांचं हृदय थांबलं.

तिसऱ्या आठवड्यात आईच म्हणाली, “ह्यांचं तेवढं एक राहिलंय. बसू या.” तिनं कधी कासवाकडे धड पाहिलं नव्हतं. दुर्बीण घेऊन ती तळ्यावर गेली, मी खाणीवर. फोन चालूच ठेवला.

“सगळी पळाली,” ती म्हणाली.

“आडवी हो. सावली पडतेय तुझी.”

“या वयात?” मग कपड्यांची सळसळ. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “आली गं. आधी नुसती नाकं येतात वर. कोण आहे ते बघून मग उरलेलं कासव.” तिचा आवाज आपसूक खाली गेला होता. “एक चढतंय. डावीकडे दुसरं खवलं, उजवीकडे पहिलं. एकवीस ना?”

माझ्यासमोरच्या खडकावर मादी मान लांब करून ऊन खात होती. डावीकडे दुसरं, उजवीकडे पहिलं.

“हो,” मी म्हटलं. “इथेही आहे.”

“असं कसं?”

मी फोन कानापासून बाजूला घेतला नाही. तिनंही ऐकायला हवं होतं.

“बाबा, बारा कुठे दडलं नव्हतं. हेच ते. मी उलटं धरलं होतं.”