सगळ्यात थंड घर

"चौतीस पूर्णांक दोन," यंत्राकडे बघत अनुजा म्हणाली आणि वहीत आकडा लिहिला.

मुलगा वर्गात पहिला आल्यावर आई जशी आजूबाजूला बघते, तसं जाईबाईंनी दारात उभ्या असलेल्या शेजारणीकडे, दीपिकाकडे बघितलं. "तुझं गेल्या मंगळवारी किती आलं गं?"

"एक्केचाळीस."

"असू दे. होतं हळूहळू," जाईबाई म्हणाल्या. मनाने त्या मोठ्या होत्या.

शिवडीच्या गोदामांमागे पत्र्याची अठ्ठावीस घरं एकमेकांना टेकून उभी आहेत. एका संस्थेने त्यांच्या आतली उष्णता मोजायला घेतली होती. घरं अठ्ठावीस आणि यंत्र एक. त्यामुळे संस्थेची अनुजा दर मंगळवारी दारोदार फिरायची. जाईबाईंची पाळी तीन वाजता यायची. हा चौथा आणि शेवटचा मंगळवार होता.

संस्थेची पहिली सभा झाली तेव्हा जाईबाई ड्युटीवर होत्या. परळच्या एका इस्पितळात त्या सव्वीस वर्षं मावशी म्हणून काम करतात. सभेला त्यांचे यजमान बाबुराव गेले. उष्णतेवरच्या त्या सभेत पंखा नसल्याने ते पाच मिनिटांत परतले आणि त्यांनी निरोप दिला, "घरं तपासायला येणारेत."

तपासणी म्हणजे काय, हे जाईबाईंना कुणी शिकवायला नको होतं. इस्पितळात तपासणी असली की आदल्या दिवशी चादरी बदलतात, फिनेल सढळ हाताने पडतं आणि एरवी व्हरांड्यात झोपणारे पेशंट एकाएकी कॉटवर दिसू लागतात. तेव्हा दर मंगळवारी सिस्टरच्या विनवण्या करून त्या बाराला सुटायच्या. साठवलेलं दोन दिवसांचं पाणी पत्र्यावर ओतायच्या, खिडकीला ओली गोणपाटं लावायच्या आणि भाऊच्या धक्क्यावरून आणलेला बर्फ परातीत घालून टेबलफॅनसमोर ठेवायच्या. बर्फाला बांगड्याचा वास यायचा, पण यंत्र वास मोजत नव्हतं. अनुजा टेकली की हातात कोकम सरबत.

बाकीचे सहा दिवस घरात भट्टी पेटलेली असायची.

बाबुरावांनी तीस वर्षं गोदामात पोती वाहिली होती. त्या धुळीने त्यांची छाती खाल्ली होती. गेल्या मे महिन्यात ते भरदुपारी घरातच बेशुद्ध पडले. जाईबाईंच्याच इस्पितळात चार दिवस होते. सोडताना डॉक्टर म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यात यांना त्या घरात ठेवू नका." गोळी बंद करायला सांगावी तसं त्यांनी घर बंद करायला सांगितलं. दुसरी गोळी मात्र लिहून दिली नाही.

शुक्रवारी यादी लागली. बारा घरांच्या पत्र्याला ऊन परतवणारा पांढरा रंग मिळणार होता. त्याने आतली उष्णता चार-पाच अंशांनी उतरते म्हणे. सगळ्यात तापणारी बारा घरं निवडली होती. दीपिकाचं घर तिसरं होतं. जाईबाईंचं अठ्ठाविसावं, आणि पुढे शेरा होता, 'आदर्श'.

"म्हणजे जास्त तापलेलं हवं होतं?" जाईबाईंनी दीपिकाला विचारलं.

"मग काय, मावशी! मी तर मंगळवारी तुमच्याकडचं आटपून अनुजा माझ्याकडे यायच्या आत कुकर लावायची."

"लबाडी केलीस?"

"लबाडी कसली? रात्रीचं वरण दुपारी शिजवलं. गुन्हा हाय?"

तेवढ्यात संस्थेचे हर्षवर्धन सर स्वतःच पुढे आले. "मावशी, तुमच्या घराचा आम्हाला खास अभ्यास करायचाय. पारंपरिक उपायांचा इतका सुंदर नमुना! एक फोटो घेऊ?"

गावाकडच्या माणसांना, इस्पितळातल्या बायकांना, डोंबिवलीला दिलेल्या लेकीला, मानसीला फोनवर, जाईबाई आजवर एकच सांगत आल्या होत्या, आमच्याकडे वारा मस्त असतो. ते वाक्य त्यांच्या तोंडात तयार होतं. पलीकडे बाबुरावांना खोकल्याची उबळ आली.

"सर, मी तुम्हाला फसवलं," त्या म्हणाल्या. "घर तापतं. लय तापतं. तुमची पोरगी यायची म्हणून मी पाणी मारायची. पाहुण्याला काय भट्टीत बसवायचं?"

लोक हसले. दीपिका हसली नाही.

"पण मावशी, आकडे चार आठवड्यांचे आहेत. नुसत्या सांगण्यावरून कसे बदलणार?"

"सांगण्यावरून नका बदलू. उद्या तीनला या. मी काय्येक करणार नाय."

काही न करणं ही नोकरी त्यांनी जन्मात केली नव्हती. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी बाबुरावांना फ्रीवेच्या पुलाखालच्या सावलीत नेऊन बसवलं. वस्तीला त्या फ्रीवेचा झालेला तेवढाच उपयोग.

"पाहुणे येणार नि मलाच बाहेर काढतेस?"

"तुमी घरात असलात तर माझा हात थांबायचा नाय."

तीन वाजता हर्षवर्धन सर कॉटवर बसले, अनुजा स्टुलावर. जाईबाई कोपऱ्यात हात मांडीखाली दाबून बसल्या. यंत्राने एकोणचाळीस दाखवले. दहा मिनिटांनी एक्केचाळीस. सरांच्या शर्टाचा रंग बदलला. अनुजाने ओढणीने मान पुसली तसा जाईबाईंचा एक हात सुटून पाण्याच्या कळशीकडे गेला.

"मावशी!" अनुजा म्हणाली.

"नाय, नाय." हात पुन्हा आत.

सरांनी फोटोसाठी फोन काढला. 'फार गरम झाल्याने बंद होत आहे' असं कळवून तो स्वतःहून बंद पडला. सोय चांगली होती. बाबुरावांना ती नव्हती.

बेचाळीस पूर्णांक आठ.

"रोज असंच असतं?" सरांनी विचारलं.

"मंगळवार सोडून."

सरांनी खिशातून यादी काढली. मग म्हणाले, "तुमचं नाव घालतो. पण घरं बाराच आहेत. एक कापावं लागेल."

"माझं कापलं तर जमतंय का बघा," दारातून दीपिकाचा आवाज आला. एरवी तिचा आवाज गोदामापर्यंत जायचा. आत्ताचा उंबऱ्यापर्यंतच पोचला.

"सर, पण बाराच का?" अनुजाने विचारलं.

सरांनी आठवून बघितलं. पत्रकात बारा छापलं होतं. पत्रकात बारा का छापलं, हे मात्र त्यांना आठवेना. त्यांनी पेन्सिलीने तेरावं नाव लिहिलं, कुणाचंही कापलं नाही. पृथ्वीचं त्याने काही बिघडलं नाही. उरलेली पंधरा घरं पुढच्या टप्प्यात होती. टप्पा कधी, ते कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांनाच आधी बाहेर पडायचं होतं.

"आता देऊ पाणी?" म्हणत जाईबाईंनी उत्तराआधीच पेले भरले.

आठवड्याभरात रंग लागला.

मे महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी जाईबाई नेहमीसारख्या अडीचला शिवडीत आल्या. गेल्या वर्षीपासून त्यांना एक सवय लागली होती. गल्लीच्या तोंडाशीच त्या हाक मारायच्या, "अहो!" आतून "काय गो" आलं की मगच रोखलेला श्वास सोडायच्या.

"अहो!"

उत्तर आलं नाही.

"अहो!"

पिशवी कुठे टाकली, हे त्यांना नंतर आठवलं नाही. त्या दारात पोचल्या. बाबुराव कुशीवर पडले होते, एक हात डोक्याखाली, तोंड अर्धवट उघडं. आणि घोरत होते. सावकाश, एका लयीत, पगारी रजेवर असल्यासारखे.

जाईबाई चपला हातात घेऊन उंबऱ्यावर बसल्या. पिशवीतले कांदे गल्लीभर गेले होते. ते ओच्यात गोळा करत दीपिका आली. "मावशी, अवो काय झालं? एवढ्या पळालात त्या..."

"हळू गो," जाईबाई म्हणाल्या. "माणूस झोपलाय."