काचेआडची टुकरी

उकंडरावांच्या बैठकीत येता, चहा पिता आणि भिंतीकडं बघून मान डोलावता. आज जरा ऐकूनही घ्या. हरणाच्या शिंगांखाली, काचेच्या चौकटीत जे लाल कापड दिसतंय ना, ती मी. मी टुकरी बोलतेय. टुकरी म्हणजे बंजारा बाईच्या डोक्यावरची ओढणी. डोक्यावरची म्हणाले मी, भिंतीवरची नव्हे.

माझा जन्म केनवडजवळच्या तांड्यातला. धनीबाईनं बाजारातून जाड लाल कापड आणलं तेव्हा तिची चंदा अजून रांगत होती. दिवसभर उकंडरावांच्या शेतात निंदण, घरी आल्यावर भाकरी, आणि मधे जो उजेड हाती लागेल त्यात माझ्यावर टाके. बाई मोठी तापट. टाका मनासारखा बसला नाही की उसवायची, आणि उसवताना शिव्या मात्र मला द्यायची. हळूहळू कवड्या आल्या, आरसे आले, काठाला निळा-पिवळा दोरा आला. चंदा वाढत होती तशी मीही भरत गेले.

एक आरसा मात्र तिनं मुद्दाम लावला नाही. कपाळावर येणाऱ्या काठाच्या मधोमध आरशापुरती गोल जागा मोकळी सोडली. ही धनीबाईच्या माहेरची रीत. शेवटचा आरसा आईनं लग्नाच्या दिवशी लावायचा. आधी तो लेकीसमोर धरायचा, तिचं तोंड त्यात पडलं की मग शिवायचा. दुसऱ्या कोणाचं तोंड आधी पडलं, तर ती टुकरी त्या पोरीची राहत नाही.

चंदाचं लग्न किन्हीराजाकडच्या तांड्यात ठरलं, आणि नेमका त्याच सुमारास उकंडरावांना कलेचा पुळका आला. वाशिमला एका शाळेच्या हॉलमध्ये कलाप्रदर्शन भरणार होतं, अकोल्याहून मोठे साहेब येणार होते, आणि उकंडराव समितीत होते. ते तांड्यात आले, खाटेवर बसले आणि मला मांडीवर घेऊन धनीबाईच्या नवऱ्याला म्हणाले, “बाबूसिंग, हे प्रदर्शनात ठेवतो. तुमच्या तांड्याचं नाव होईन.”

बाबूसिंगानं बायकोकडं पाहिलं.

“पोरीच्या लग्नाची हाय, मालक,” धनीबाई म्हणाली. “घराबाहेर नाही देत आमी.”

“मी काय खाऊन टाकतो का तिले? लग्नाच्या आधी आणून देतो.”

“मालकाले नाही कसं म्हणाव?” बाबूसिंग पुटपुटला. त्यांच्याच शेतात पोट होतं. धनीबाईनं माझी घडी घातली आणि देताना एवढंच म्हणाली, “कोणाले हात नका लावू देऊ, मालक.”

हात कसला, हॉलमध्ये मला खिळे ठोकले. एका बाजूला ताजमहालाचं चित्र, दुसऱ्या बाजूला साबणाचा कोरलेला हत्ती, मधे मी. महिला विभाग उकंडरावांची सून विजयमाला पाहत होती. वाईट नव्हती ती. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. तिला ती मोकळी जागा दिसली. “अगंबाई, इथला आरसा गळून पडला वाटतं,” असं म्हणून तिनं आरसा मागवला, खुर्चीवर चढली आणि माझ्या कपाळी शिवून टाकला. मी किंचाळले, पण कापडाचं कोण ऐकतं? त्या आरशात पहिलं तोंड पडलं ते विजयमालेचं, दातात दोरा धरलेलं.

मग प्रदर्शन उघडलं. माझी आपली समजूत, कला पाहायला येणारी माणसं कला पाहत असतील. कसलं काय! बायका यायच्या आणि माझ्या आरशांत कुंकू नीट करायच्या. मास्तर लोक भांग बघायचे. मोठे साहेब तर त्या नव्या आरशापुढं टाचा उंचावून उभे राहिले, टोपी सरळ केली, मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “अप्रतिम.” मिशीला म्हणाले की मला, देव जाणे. खाली पाटी होती, ‘लमाणी भरतकाम. संग्रह : श्री. उकंडराव, केनवड.’ हे शिवलं कोणी, असं एकानंही विचारलं नाही.

प्रदर्शन संपलं त्या दिवशी धनीबाई चंदाला घेऊन मला न्यायला आली. चंदानं मला असं अख्खं पसरलेलं प्रथमच पाहिलं. घरी मी सदा कोणाच्या तरी मांडीवर अर्धी दुमडलेली. पोरगी नुसती खुलली. आणि धनीबाईची नजर माझ्या कपाळाकडं गेली.

“एक आरसा पडला होता तुमचा,” विजयमाला कौतुकानं म्हणाली. “म्या लावून देल्ला.”

“पडला नवता, बाई. ठेवला होता.”

“काहून?”

धनीबाईनं दोन वाक्यांत रीत सांगितली. विजयमालेचा चेहरा पडला. “मग काढून टाकतो ना आताच,” म्हणून ती कात्री शोधू लागली.

“काढून काय होते? पाह्यणारे पाहून गेले. ही आता माह्या पोरीची नाही.”

“याडी, मला चालते,” चंदा आपल्या बोलीत आईला म्हणाली. “मला हीच पाहिजे.” तिचे डोळे भरले होते. धनीबाईनं तिचा दंड धरला आणि तिला बाहेर नेलं. उकंडराव म्हणाले, “बरं, नसन पाह्यजे तर राहू द्या,” आणि मला घरी आणून काचेत घातलं.

तेव्हापासून माझा राग उकंडरावांवर आहेच, पण धनीबाईवरही आहे. पोरगी मागत होती. एका आरशापायी तिनं शेकडो आरसे सोडले. चंदा बाजारच्या छापील ओढणीत नांदायला गेली, हे मला बैठकीतल्या बोलण्यावरून कळलं. आईच्या हट्टापुढं लेकीचं काही चाललं नाही.

परवा चंदा दिसली. माहेरी आली होती, कापूस वेचून बायांबरोबर माप द्यायला अंगणात उभी होती, कडेवर पोर. बैठकीत पाहुणे होते. त्यांच्यातल्या एकानं तिला उंबऱ्याशी बोलावलं. “का वं बाई, तुमच्यातलीच चीज दिसते हे. काय म्हणते याले? कोणं केलं असन?”

चंदानं माझ्याकडं पाहिलं. पार कपाळापासून काठापर्यंत पाहिलं. पोरानं माझ्या चकाकीकडं हात केला, तो तिनं खाली ओढला.

“मले नाही मालूम,” ती म्हणाली. “आमच्यात आता असं कोणी घालत नाही.” आणि ती आपलं गाठोडं उचलायला गेली.

पाहुणे म्हणाले, “पाह्य, त्याईलेच कदर नाही.” उकंडरावांनी मान हलवली. चहा आला.

म्हणून सांगते, मला चांगली म्हणू नका. इथं मला ऊन नाही, घाम नाही, डोक्याचं तेल नाही. कसर लागायची नाही म्हणतात, म्हणजे मी मरायचीही नाही. कोणाला खरंच माझी दया येत असेल तर ही काच फोडा आणि मला एखाद्या बाईच्या डोक्यावर टाका. कोणाच्याही. मला विरून फाटायचंय.