कुऱ्हाडीचा कोनाडा

जान्हवी गजभियेच्या अंगाचा तिळपापड झाला तो एका बर्फाच्या बादलीमुळे.

तशी ती बादली अजून कुठेच नव्हती, फक्त संगणकावरच्या एका चित्रात होती. चित्र होतं दगडी पवनचक्कीचं. कॅरिबियन समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावर, उसाच्या जुन्या मळ्यात, ही चक्की अडीचशे वर्षांपासून उभी होती. तिची पाती कधीच गळून पडलेली, छप्पर वादळानं नेलेलं. उरला होता तो वर निमुळता होत जाणारा भक्कम बुरूज. तिथं आता एका हॉटेल कंपनीला रिसॉर्ट काढायचं होतं, आणि बुरुजाच्या पोटात नव्या जोडप्यांसाठी मेणबत्त्यांच्या उजेडातलं जेवण. कंपनीचं मुख्य ऑफिस सिंगापुरात, म्हणून काम जान्हवीच्या फर्मकडे आलं. ती इंजिनिअर, जुन्या दगडी बांधकामांतली जाणकार. बुरूज किती भार पेलेल, भेगा कशानं भरायच्या, हे ती ठरवणार. अशा रिपोर्टला इमारतीच्या इतिहासाची दोन पानं जोडावी लागतात, पाहुण्यांसाठी लावायच्या फलकाच्या मजकुरासकट. बाकीचे इंजिनिअर ती कुठून तरी उचलून चिकटवतात. जान्हवीनं जीव ओतून लिहिली.

कारण पाहणीच्या फोटोंत तिला त्या बुरुजाच्या आतल्या भिंतीत एक कोनाडा दिसला होता. छातीच्या उंचीवर, हाताशी येईल असा, आत गंजलेल्या आकड्याचा तुकडा. दिव्याचा असेल असं आधी वाटलं. पण दिव्याचा कोनाडा उजेडासाठी दाराजवळ किंवा उंचावर करतात, हा तर नेमका ऊस पिळायचा चरक जिथं असायचा त्याच्या शेजारी. मग तिनं त्या बेटांवरच्या चक्क्यांच्या हकिगती वाचून काढल्या आणि तिला झोप लागेना.

वारा पाती फिरवी, पाती लोखंडी रूळ फिरवत आणि त्या रुळांत गुलाम बायामाणसं हातानं ऊस सारत. हंगामात रात्रंदिवस. डोळा लागला, बोट आत गेलं की रूळ हातही ओढून घेत. वाऱ्यावर चालणारी चक्की काही हाक मारल्यावर थांबत नाही. म्हणून शेजारच्या कोनाड्यात कुऱ्हाड टांगलेली असे. मुकादम हात तोडायचा, माणूस वाचायचा, आणि चक्की चालूच राहायची. रस वाया गेला नाही पाहिजे! त्या साखरेनं युरोपातले चहाचे पेले गोड झाले. पुढं हात गेलेल्या बाईला घरी बसवत नसत, मळ्यावर राखणीला लावत. दुसरा हात होता ना अजून.

हे सगळं जान्हवीनं साध्या इंग्रजीत लिहिलं आणि शैलेंद्र सरांकडे पाठवलं.

शैलेंद्र सर तिचे वरिष्ठ. पुण्याचे, गोड बोलणारे, ऑफिसातल्या चारही मराठी माणसांना दर गणपतीला बुकित तिमाह या श्रीमंत वस्तीतल्या आपल्या कॉन्डोत मोदक खायला बोलावणारे. जान्हवीला ही नोकरी त्यांनीच दिली होती, आणि तिच्या पासच्या, म्हणजे सिंगापुरात राहून काम करायच्या परवान्याच्या, नूतनीकरणावरही त्यांचीच सही लागायची. त्यांची एक सवय होती. मीटिंगमध्ये समोरची माणसं इंग्रजीत बोलत असताना ते अगदी हसतमुखानं, जणू आकडे विचारतायत अशा सुरात, तिला मराठीत शेरे मारायचे. ‘हा टकलू आता तासभर सोडत नाही बघ.’ ‘हिला म्हणावं, एवढं अत्तर ओतून येऊ नकोस.’ समोरच्याला काही कळायचं नाही. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांना ही मोठी चैन वाटते, चारचौघांत बसून चारचौघांची टवाळी करायची. जान्हवीही पहिली काही वर्षं खाली मान घालून हसायची.

त्या दिवशी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. स्क्रीनवर आतल्या सजावटीचं नवं चित्र होतं. कोनाड्यात छोटा पिवळा दिवा, आणि त्याखाली चांदीची चकचकीत बादली. बादलीत बर्फ, बर्फात शॅम्पेनची बाटली.

“मस्त ना? क्लायंट एकदम खूश आहे.”

“सर, तिथं कुऱ्हाड होती.”

“वाचलं गं मी. फार छान लिहिलंयस, अंगावर काटा आला. पण मला सांग, हनिमूनला आलेल्या पोरीला जेवताना तुटलेले हात वाढायचे का?”

“मग निदान फलकावर…”

“फलक मी बदललाय. बघ.”

तिनं पाहिलं. ‘हंगामात मळ्यावर उत्सवाचं वातावरण असे. गरम रसाचा सुगंध दरवळे. कामगार गाणी म्हणत ऊस गाळीत.’

“आपल्याकडच्या गुऱ्हाळावरून सुचलं,” सर खुशीत म्हणाले. “लहानपणी मामाकडे जायचो आम्ही. गरम काकवी, पोळी… काय दिवस होते! शेवटी ऊस तो ऊस, रस तो रस.”

जान्हवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुऱ्हाळ! या माणसाला सगळ्या जगात आपल्या मामाचं गाव दिसतं. आणि मामाच्या गुऱ्हाळात चुलाणापाशी कोण राबत होतं, हे तरी याला आठवतं का? हे सगळं तिच्या ओठांपर्यंत आलं. पण पास नूतनीकरणाला गेला होता. तिनं मूग गिळले. ‘ठीक आहे सर,’ म्हणाली, जागेवर येऊन बसली, आणि फलकाचा नवा मजकूर स्वतःच्या हातानं रिपोर्टला जोडला.

सेम्बावांगच्या तिच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये तेव्हा तिची आई, लीलाबाई, नागपूरहून राहायला आली होती. निवृत्त शिक्षिका, बोलायला रोखठोक. रात्री भाजी निवडता निवडता तिनं सगळं ऐकून घेतलं.

“गाणी म्हणत?” लीलाबाई म्हणाली. “हात रुळात द्यायचा आणि गाणं म्हणायचं? त्याला म्हणावं, तू म्हणून दाखव.”

“तेच तर!”

“मग तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? साहेब आहेत.”

“म्हणजे काहीच नाही.” लीलाबाईनं भाजीचे देठ पिशवीत भरले. “माझ्यासमोर चिडून काय उपयोग बाई? मी काय तिथली मालकीण आहे?”

जान्हवी आईवरच उखडली. तुला इथलं काही कळत नाही, हे नागपूर नाही, इथं पास गेला की बिऱ्हाड गुंडाळावं लागतं, असं बरंच काही बोलली. आई उठून आत गेली. जान्हवी मात्र बराच वेळ तिथंच धुमसत बसली, आणि आपण नक्की कोणावर चिडलोय हे तिला धड ठरवता येईना.

ऑगस्टात शेवटची मीटिंग ठरली. चक्कीची जागा गावसमितीच्या ताब्यात होती आणि तिच्या संमतीशिवाय काम पुढं सरकणार नव्हतं. म्हणून कंपनीनं समितीच्या अध्यक्ष मार्व्हा जोसेफ यांना विमानानं सिंगापूरला आणलं होतं. साठी उलटलेल्या, उंच, काळ्यासावळ्या, केस पांढरे. आयुष्यभर त्या बेटावर नर्स म्हणून काम केलेल्या. बाहेर उकाडा आणि आत एसी इतका कडक की त्यांनी शाल अंगाभोवती घट्ट ओढून घेतली होती. कंपनीचे दोन अधिकारी त्यांना सारखं पाणी, कॉफी, बिस्किटं विचारत होते.

जान्हवी एकेक स्लाइड दाखवत होती. पाया, भेगा, चुन्याचा लेप. मग आतलं चित्र आलं, चांदीच्या बादलीचं.

“हा कोनाडा कसला आहे?” मार्व्हाबाईंनी विचारलं. “आमच्याकडे कोणी म्हणतं दिव्याचा, कोणी म्हणतं देवाचा. लहानपणी आम्ही त्यात चिंचा लपवायचो. तुम्ही अभ्यास केलाय, तुम्हाला माहीत असेल.”

जान्हवीनं तोंड उघडलं. तेवढ्यात शैलेंद्र सर पुढं झुकले, आणि नेहमीच्या त्या हसऱ्या, आकडे विचारणाऱ्या सुरात मराठीत म्हणाले, “जान्हवी, दिव्याचा म्हणून सांग आणि मोकळी हो. या बाईला कुठं काय कळतंय? सही करून जाईल बिचारी. कुऱ्हाडीची भानगड काढू नकोस. तुम्हा लोकांना ना, जुनं उकरून रडत बसायची खोडच आहे.”

तुम्हा लोकांना.

एवढ्या वर्षांचे मोदक, ‘आपली माणसं’, ‘काही लागलं तर हक्कानं सांग’, सगळ्यावर त्या दोन शब्दांनी पाणी फिरवलं. जान्हवीचे कान तापले. तिनं रिमोट टेबलावर ठेवला.

“काय म्हणाले ते?” मार्व्हाबाईंनी विचारलं.

“काही नाही, टेक्निकल गोष्ट आहे,” सर इंग्रजीत म्हणाले.

“टेक्निकल नाही,” जान्हवी म्हणाली. “मी सांगते.” आणि तिनं सरांचं बोलणं इंग्रजीत जसंच्या तसं सांगितलं. या बाईला कुठं काय कळतंय. सही करून जाईल बिचारी. शेवटचं वाक्यही सांगितलं, आणि ‘तुम्हा लोकांना’ म्हणजे भारतात ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवलं त्यांना, आमच्यासारख्यांना, हेही सांगितलं. सर ‘जान्हवी, जान्हवी’ करत राहिले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. कंपनीचे दोघे टेबलाकडे बघत होते.

मग तिनं कोनाड्याचं सांगितलं. रूळ, बोट, हात, कुऱ्हाड, राखणीला बसवलेल्या बायका. आवाज चढला होता, तो तिनं खाली आणला नाही. फलकावरची गाणी खोटी आहेत, मी लिहिलेलं काढून ती घातली आहेत, हेही सांगितलं. बोलून झाल्यावर तिला एकदम हलकं वाटलं. आता मार्व्हाबाई उठतील, आपला हात हातात घेतील, असं काहीतरी तिच्या मनात आलंही.

मार्व्हाबाई उठल्या नाहीत. त्या चित्रातल्या बादलीकडे बघत होत्या.

“त्यात आम्ही चिंचा ठेवायचो,” त्या हळू म्हणाल्या. मग त्यांनी संमतीचा कागद सही न करता कंपनीच्या माणसांकडे सरकवला. शैलेंद्र सरांकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. पाहिलं ते जान्हवीकडे, आणि त्या नजरेत राग होता.

“तुला हे कधीपासून माहीत आहे?”

“जूनपासून.”

“जूनपासून. आणि ती खोटी गाणी रिपोर्टला कोणी जोडली?”

“मी.”

“काल संध्याकाळी तू मला हॉकर सेंटरला जेवायला नेलंस. तासभर माझ्यासमोर बसलीस. माझ्या नातवंडांचे फोटो पाहिलेस. तेव्हा बोलली नाहीस.”

जान्हवीनं मान खाली घातली.

“मला एवढंच सांग, मुली,” मार्व्हाबाई म्हणाल्या. “यानं नुसतं मला नावं ठेवली असती, मला अडाणी म्हणून हसला असता, तुझ्या लोकांबद्दल एक अक्षर बोलला नसता, तर आत्ता तू काय केलं असतंस?”

जान्हवीनं सरांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. खोटं बोलता आलं असतं. पण त्या दुपारी तिला आणखी एक खोटं सोसवेना, मग ते स्वतःचं का असेना.

“मी हसले असते,” ती म्हणाली, “आणि पुढची स्लाइड लावली असती.”